पायातला दोरा

माझ्या डोक्याची डावी बाजू कापून झाली होती आणि न्हावी कात्री घेऊन उजवीकडे वळत होता, तेवढ्यात माझा फोन वाजला. सुट्टीच्या दिवशी झिनाईदाचा फोन चांगल्या बातमीचा नसतो. ती आमच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कंट्रोल रूममध्ये बसते, सूर्यफुलाच्या बिया चावते आणि डोंगरात मरायला टेकलेल्यांची खबर पोस्टातल्या बाईच्या आवाजात सांगते. "येसिरकेप, कुठं आहेस?" "न्हाव्याच्या खुर्चीत." "शहरातच ना? मग तूच जवळ. हिमनदीखालच्या तळ्याचा भोंगा वाजलाय. वरच्या चौकीपाशी नदी गढूळ झालीय. खालची कुरणं रिकामी कर." मी विचारलं, "आणि ड्यूटीवरचे दोघं कुठं मेले?" "एका बाईला उचलून आणतायत. सँडल घालून खिंडीत गेली होती. पाय मुरगळला." मी गळ्याभोवतीचं फडकं काढलं. आरशात एका बाजूनं सरकारी नोकर आणि दुसऱ्या बाजूनं नुकताच झोपेतून उठलेला म्हातारा दिसत होता. न्हावी म्हणाला, "आगा, पाच मिनिटं बसा हो. असे गेलात तर लोक हसतील, आणि नाव माझं खराब होईल." त्याला त्याच्या नावाची काळजी. मी तसाच निघालो.

अल्माटीत जुलैत दुपारी डांबर वितळतं, आणि वर हिमनदीही त्याच उन्हानं वितळते, हे या शहरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात एकदम येत नाही. खाली उकडायला लागलं की हे लोक टरबूज, मटण आणि सासूला गाडीत घालतात आणि नेमके त्या ओढ्याच्या पात्रात जाऊन बसतात जिथून लोंढा यायचा असतो. मी जीप चढणीला लावली. समोरून, मागून गाड्याच गाड्या, आणि प्रत्येक खिडकीतून ठाण ठाण गाणं. आयुष्यभर मी यांना वाचवत आलो. अस्वलाला हातानं पाव भरवायला गेलेला एक डॉक्टर वाचवला. बर्फाच्या अधांतरी कड्यावर गुडघा टेकून पोरीला लग्नाची मागणी घालणारा एक मजनू वाचवला. दोरावरून वर आल्यावर त्यानं मला विचारलं, 'माझी टोपी सापडेल का?' एकदा एका बाईनं रात्रभर आम्हाला रानात हिंडवलं, आणि सापडल्यावर पहिलं वाक्य बोलली ते हे, की तुम्ही एवढा उशीर का केलात, माझा फोन बंद पडला असता. आभार मानणारेही भेटले. त्यांचा मला जास्त राग येतो, कारण ते पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतात, आणि या वेळी भाऊबंदांनाही घेऊन येतात.

पहिल्या कुरणात एका माणसानं सळ्यांवरचं मटण फिरवता फिरवता मला सांगितलं, "होतच आलंय, आगा. एवढं उतरवतो आणि निघतो." मी त्याची शेगडी लाथेनं पालथी केली. तो शिव्या देत उठला, पण उठला. दुसऱ्या कुरणात एका तरुणानं माझ्याकडे मोबाईल रोखला आणि मैत्रिणीला म्हणाला, "अर्धं डोकं बघ, अर्धं डोकं!" एका चष्मेवाल्यानं विचारलं की धोका आहे याचा लेखी काही कागद आहे का. मी म्हणालो, "कागद पाण्याबरोबर येतोय, सही करून घे." एवढं बोलल्यावर बायका पोरांना उचलायला लागल्या. पुरुष वाद घालतात, बायका पोरं उचलतात, एवढाच काय तो फरक मला इतक्या वर्षांत आढळला. मधल्या काळात मी सारखा नदीकडे कान देत होतो. खरा लोंढा मी एकदाच पाहिलाय, सहावीत असताना. आधी आवाज नव्हता. आधी वास आला, नुकतीच खणलेली कबर असते तसा ओल्या मातीचा आणि सोललेल्या लाकडाचा. मग पायाखालची जमीन थरथरायला लागली आणि वळणावरून काळं काहीतरी उभंच्या उभं आलं, त्यात घराएवढे दगड वर खाली होत होते. आमच्या गल्लीतली एक शिलाई करणारी बाई मशीन आणायला परत आत गेली होती. मशीन नंतर सापडलं. मी आता श्वास ओढून बघितला, आणि मटणाच्या चरबीशिवाय कसलाच वास आला नाही.

शेवटचं कुरण वळणापलीकडे आहे. तिथं पोचायच्या आधीच मला पांढरे फुगे दिसले, आणि कुणा पैसेवाल्यांचं काही असणार हे ओळखलं. गालिचे अंथरलेले, मोठ्या काहिलीत बेशबरमाकसाठी घोड्याचं मांस रटरटतंय, चहाच्या सामोवारला धूर, बायका डोक्याला रेशमी रुमाल बांधून. गालिच्याच्या मध्यभागी एक वर्षाचं पोर उभं होतं, दोघींनी दोन्ही हातांना धरलेलं, आणि त्याचे पाय घोट्यापाशी काळ्या-पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले होते. पोर चालायला लागलं की आमच्यात असं करतात. पाय बांधायचे आणि ज्याच्यासारखं ते व्हावं असं वाटतं त्या माणसाच्या हातून दोरा कापून घ्यायचा. मग पोर त्याच्या वळणावर जातं म्हणे. मी ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि उजवीकडे हात धरून उभ्या असलेल्या बाईचा चेहरा मला दिसला. ती तोगझान होती. माझी मुलगी. म्हणजे ते पोर माझा नातू एल्दोस, आणि मला या कार्यक्रमाचा पत्ता नव्हता.

पुढच्या रविवारी, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. पुढच्या रविवारी घरातल्या घरात, पापा, अगदी साधंसं. म्हणूनच तर मी केस कापायला बसलो होतो, एक रविवार आधी, म्हणजे ताजे कापलेले दिसू नयेत. माझी विहीण राया मला बघून थबकली आणि मग मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, व्याही! या ना, या. बघा कसं, नशिबातच होतं तुमच्या!" तिच्या शेजारी बँकेतला बडा साहेब आस्खात उभा होता, पांढरी पँट, हातात चांदीच्या मुठीची कात्री. म्हणजे एल्दोसनं त्याच्यासारखं व्हायचं होतं. मला खरं तर हसू आलं. या घराला मी का नको, ते मला माहीत आहे. सोयरीक जुळवायला आम्ही पहिल्यांदा त्यांच्या बंगल्यावर गेलो, तेव्हा घरातले थोरले, अक्सकाल कोझाबेक, मला गच्ची दाखवायला घेऊन गेले. काय दृश्य आहे, असं मी म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हणालो, "तुमचं घर बरोब्बर लोंढ्याच्या वाटेत बांधलंय. ज्यानं परवानगी दिली त्याला तरी खाली राहायला बोलवा." तोगझान गाडीत सगळा रस्ता रडली. ती लहान असताना मला विचारायची, आई गेल्यावर आम्ही दोघंच जेवायला बसायचो तेव्हा, चमचा ताटात फिरवत: "पापा, तुम्हाला कुणीच आवडत नाही का?" मी काय उत्तर दिलं होतं ते मला आठवत नाही. बहुतेक 'जेव' म्हणालो असेन.

"उठा सगळे," असं म्हणायला मी पुढे झालो, आणि नेमक्या त्याच क्षणी कोझाबेकनं दोन्ही तळवे उघडून छातीसमोर धरले. आशीर्वादाची बाता सुरू झाली. थोरल्यानं आशीर्वादाला तळवे उघडले की आमच्याकडे जो जिथं असेल तो तिथं थांबतो. घास घेतलेला घास थांबवतो, उठायला निघालेला बसतो. सगळ्यांचे तळवे उघडले गेले. स्वयंपाक्यानं झारा खाली ठेवला आणि तळवे उघडले. आस्खातनं कात्री काखेत धरून तळवे उघडले. आणि माझेही, मी न सांगता, माझेच हात वर आले. काय करू, माझ्या बापानं मला तेवढंच तर शिकवलं. कोझाबेक आधी देवाचं नाव घेऊन, मग पूर्वजांचं, मग सातव्या पिढीपासून एकेक करून खाली यायला लागला. त्याला स्वतःचा आवाज फार आवडतो. "याच्या दाराशी घोडे उभे राहोत, याच्या चुलीचा धूर कधी न मोडो…" मी अर्ध्या कापलेल्या डोक्यानं, घामानं भिजून, त्या लोकांच्यात उभा होतो आणि माझ्या पाठीमागे, वर, कुठंतरी तळ्याचा बांध फुटत असेल किंवा नसेल. वास नव्हता. थरथर नव्हती. नदी घोट्याएवढी आणि जरा पांढुरकी झाली होती, जशी ती उन्हाळ्यात दुपारी होतेच. आणखी दोन पिढ्या, मग आमीन, मग मी सांगेन, असं मी स्वतःशी म्हटलं. आणि मग मला त्या म्हाताऱ्याचे बंद डोळे दिसले, तो समाधानानं हलत होता, त्याला खात्री होती की जगात कुणाची छाती नाही त्याला मध्येच थांबवायची, आणि पुढचं मी केलं ते भीतीनं की अपमानानं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी हात खाली केले आणि ओरडलो, "बंद करा! उठा! लोंढा येतोय, वर जा, झाडीत, सगळे!"

कोझाबेकचे ओठ उघडेच राहिले. दुसऱ्या पिढीवर त्याचं वाक्य तुटलं. कुणी हललं नाही. बाता तोडलेली मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही, त्यांनीही नसणार. त्यांचे तळवे तसेच उघडे, आणि त्यात काही पडायचं राहून गेलं होतं. राया म्हणाली, "अहो, काय हे!" जावई दानियार म्हणाला, "पापा, दोन शब्द तर राहिले होते." मला कळलं की हे लोक उठणार नाहीत, चूक सुधारल्याशिवाय, म्हाताऱ्याला पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लावल्याशिवाय उठणार नाहीत. मी गालिच्यावर बूट घालून चढलो, एल्दोसला दोघींच्या हातातून हिसकावलं आणि चढणीकडे पळत सुटलो. मग मात्र सगळी वरात माझ्या मागे आली. पोरामागे आई, आईमागे सासू, सासूमागे शिव्या देत पुरुष, आणि सगळ्यांच्या मागे दोन पुतण्यांनी उचललेला कोझाबेक. सूचीपर्णी झाडांत, पात्रापासून उंचावर आल्यावर मी धापा टाकत पोराला खाली उभं केलं. त्याचे पाय बांधलेले होते. तो सरळ तोंडावर आपटला आणि किंचाळायला लागला. मी खिशातला चाकू काढला आणि दोरा कापला.

विचार न करता कापला, असं मी म्हणू शकेन. पण कापताना माझ्या मनात एक शब्द स्पष्ट होता, 'घ्या', आणि तो मी पांढऱ्या पँटवाल्याला उद्देशून म्हटला होता. एल्दोस उठला, रडायचा थांबला आणि फेंगडे पाय टाकत एका झाडापर्यंत चालत गेला. छान चालला. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. आस्खात त्या कात्रीकडे बघत होता.

मग आम्ही वाट बघितली. खाली कुरणात काहील रटरटत होती, फुगे हलत होते, नदी वाहत होती. मी नदीकडे बघत होतो आणि ते सगळे माझ्याकडे. पोरांनी विचारलं, केव्हा येणार? कुणीतरी म्हणालं, मांस करपेल. बराच वेळ गेला. एक पुतण्या हळूहळू खाली उतरला आणि झाकण काढून त्यानं डाव हलवला, वरून त्याला कुणी थांबवलं नाही, मी ओरडलो तरी त्यानं मान वर केली नाही. मग झिनाईदाचा फोन आला. मी बाजूला जायला हवं होतं, पण तिचा आवाज मोठा आहे. "येसिरकेप? संपलं बाबा. तळ्याचं पाणी खालच्या फटीनं हळूहळू निघून गेलं, बांध शाबूत आहे. इशारा मागे घेतलाय. सगळ्यांना सांग, बसा निवांत." सगळ्यांनी ऐकलं. राया हसली, आणि ते हसणं मला ऐकवण्यासाठी होतं. "बघितलंत ना," ती दानियारला म्हणाली, "मी सांगितलं होतं, न बोलवलेला माणूस काहीतरी करून जाणार म्हणून." आस्खात नम्रपणे म्हणाला, "आगा, तुमचं काम कठीण आहे. पण माणसानं माणसाला बघून काम करावं." कोझाबेकनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुतण्यांच्या आधारानं तो खाली निघाला, आणि आपले तळवे कोटाला पुसत होता.

मी त्यांना सांगू शकलो असतो की भोंगा खरा होता, मला हुकूम होता, फोन आला तेव्हा मी न्हाव्याकडे होतो, हे बघा डोकं. पण या लोकांपुढे पुरावा मांडायचा? मेंढरंही यांच्यापेक्षा बरी, शिट्टी वाजली की उठतात, वर कागद मागत नाहीत. सगळ्यांच्या मागे तोगझान राहिली. तिनं एल्दोसला कडेवर घेतलं होतं आणि कापलेल्या दोऱ्याचे दोन तुकडे शोधून हातात धरले होते. मला वाटलं, आता ही विचारेल, की पापा, खरंच भोंगा वाजला होता का. मी हो म्हणायला तयार होतो. मी तर तिला हेही सांगणार होतो की न बोलवल्याचं मला काही वाटत नाही. ती जवळ आली आणि अगदी हळू, चिडून नाही, म्हणाली, "तुम्ही का कापलात, पापा?"

"पडला तो. पाय बांधलेले होते."

"मी उचलला असता. मी मागेच होते." ती दोऱ्याच्या तुकड्यांकडे बघत होती. "बँकवाल्याची मला पर्वा नाही. तो नकोच होता मला, राया-अपांनी ठरवलं. कुणीही चाललं असतं हो. स्वयंपाकी चालला असता." मग तिचा आवाज फाटला. "आता हा तुमच्यासारखा होणार."

माझ्या तोंडात उत्तर होतं, असतंच. हे सगळं थोतांड आहे, दोऱ्यानं कुणी कुणासारखं होत नाही. मी बोललो नाही, कारण ती घाबरली होती. माझ्यावर रागावलेली तोगझान मी खूप पाहिलीय. घाबरलेली पहिल्यांदा बघत होतो, आणि ती पाण्याला घाबरली नव्हती. तिनं एल्दोसचं डोकं आपल्या खांद्यात दाबून धरलं, माझ्याकडे त्याचं तोंड होऊ नये असं, आणि उतार उतरून गेली.

मी झाडीतच बसून राहिलो. खाली त्यांनी पुन्हा गालिचे झटकले, मग त्यांचं मन लागेना असं दिसलं, आणि ते आवरायला लागले. काहील दोघांनी गाडीत चढवली. फुगे फोडले, एकेक फट् असा आवाज वर येत होता. ऊन डोंगराआड गेलं होतं. मला उठून कुरणं पुन्हा खुली करायची होती, नाक्यावर सांगायचं होतं, पण मी बसूनच होतो. मी वरच्या वळणाकडे बघत होतो. त्या वळणाकडे मी इतकी वर्षं बघत आलो ते लोंढ्याच्या भीतीनं. आता मी त्याच वळणाकडे बघून मनात म्हणत होतो, येऊ दे. एकदाच. रिकाम्या कुरणावरून जाऊ दे, गालिचे नेऊ दे, राया ओरडत झाडीत पळू दे, त्या म्हाताऱ्याला चिखल लागू दे कोटाला. मी खरा होतो एवढं दिसू दे. मला लाज वाटली नाही. मी डोळे मिटून, जिवाच्या आकांतानं मागितलं, जसं मी बायको आजारी असताना देवाकडेही मागितलं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा गाड्या रांगेत लागल्या होत्या आणि पात्रात, अगदी पाण्यापाशी, एक बाई एकटी उतरली होती. हातात पोराचा एक छोटा बूट, तिथं कुठं पळापळीत पडलेला. तोगझान होती. तिनं बूट पाण्यात धुतला आणि उठण्याऐवजी ती तिथंच एका दगडावर बसली, पाय पाण्याकडे सोडून. मी उभा राहिलो. मी काय मागत होतो ते मला तेव्हा कळलं. "तोगझान!" मी ओरडलो. "वर ये! पाण्यातून बाहेर हो, वर ये!" माझा आवाज घळीत सगळीकडे गेला. गाड्यांपाशी कुणीतरी हसलं. तिनं तो ऐकला, कारण तिचे खांदे हलले. मग तिनं बूट मांडीवर ठेवला, माझ्याकडे पाठ केली आणि बसून राहिली.